वर्षाची वही : शाळेनं आणि घरानं मिळून बारा महिने भरायची

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक दोनशे पानी वही देते. तिच्यावर विषयाचं नाव नसतं. मूल आपलं नाव घालतं आणि खाली लिहितं, 'वर्षाची वही'. पुढच्या मे महिन्यापर्यंत ही वही दप्तरात राहते, घरी जाते, सुट्टीत मामाच्या गावाला जाते. तिच्यात काय भरायचं, कसं भरायचं आणि त्यासाठी फुकटात काय काय मिळतं, ते इथं सांगते आहे. शिक्षकांना उपयोगी पडेल आणि घरी मुलं असलेल्या कुणालाही.

मी खटाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी माझ्याकडं एकाच खोलीत बसतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घरी द्यायला स्वाध्यायाच्या झेरॉक्स काढायची. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, चित्र रंगवा. खर्च माझ्या पगारातून. एका पालकसभेला एक आजी आल्या होत्या. तो कागद त्यांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "बाई, पोरगं ह्यातलं विचारतं. मला वाचता येत नाही. मग आम्ही काय करायचं?" त्या आजींना पेरणीची वेळ ठाऊक होती, पंचवीस-तीस भाज्यांची पानं हातानं ओळखता येत होती, शंभरेक ओव्या पाठ होत्या. माझ्या कागदात त्यांना शिरायला जागाच नव्हती. त्या दिवसापासून मी घराला तेच विचारते, जे घराला येतं.

वहीचे नियम तीनच. प्रत्येक नोंदीला तारीख. प्रत्येक नोंदीत एक तरी आकडा किंवा स्वतःचं एक वाक्य, पुस्तकातलं उतरवलेलं चालत नाही. आणि आठवड्यातून एक नोंद घरातल्या कुणाला तरी विचारून, त्यांच्या शब्दांत. शुद्धलेखनाच्या चुकांवर मी ह्या वहीत लाल पेन चालवत नाही. त्यासाठी दुसऱ्या वह्या आहेत.

पाऊस

वर्षाची सुरुवात पावसानंच करा. वाट बघायला लागते, आकाश बघायची सवय लागते आणि घरातली सगळी माणसं त्यात आपोआप येतात.

पर्जन्यमापक बनवायला थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या, पण अंगानं सरळ असलेली. मध्ये कंबर बारीक असलेली नको. वरचा निमुळता भाग जिथून सुरू होतो तिथं मोठ्या माणसानं कापायची. कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, म्हणजे पाणी आत जातं आणि उन्हानं लवकर उडून जात नाही. बाटलीचं बूड खालून ओबडधोबड असतं, तिथं माप चुकतं. म्हणून तळाशी खडे घालायचे, ते बुडून वर बोटभर येईल एवढं पाणी ओतायचं आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची रेघ मारायची. तिथून वर पट्टी चिकटवायची. पावसाचं पाणी त्या रेघेच्या वर जितके मिलिमीटर चढलं तितका पाऊस. रोज वाचून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं.

जागा मोकळी हवी. झाडापासून, भिंतीपासून निदान त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. बाटली वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा रचा. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, म्हणून आम्हीही साडेआठलाच मोजतो, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस'. मुलांना हा नियम फार आवडतो. दोन मिलिमीटरवर थांबलेला पाऊस त्यांना हुरहूर लावतो.

एकदा शाळेच्या मापकात १९ मिलिमीटर होते आणि चौथीतल्या एका मुलाच्या घरच्या मापकात ६२. वर्ग हसायला लागला. मी सगळ्यांना त्याच्या घरी घेऊन गेले. बाटली पत्र्याच्या वळचणीला ठेवलेली होती. पत्र्यावरची धार थेट तिच्यात पडत होती. मग त्याच मुलाला विचारलं, पत्र्यावरून एवढं पाणी येतं तर शाळेच्या छपरावरून किती येत असेल? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमचं छप्पर १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ९० चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला की १८०० लिटर. आमच्या भागात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पडतो, त्या हिशेबानं ४५,००० लिटर. आमच्याकडं एप्रिलमध्ये टँकर येतो, तो १०,००० लिटरचा. साडेचार टँकर पाणी छपरावरून वाहून जातं, हे त्या मुलानं फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात कुणी हसत नव्हतं. थोडंफार पाणी भिजण्यात आणि उडण्यात जातं हे मी त्यांना सांगितलं, पण आकडा त्यांच्या डोक्यात बसला.

आता ह्यात घर कसं येतं ते बघा. मुलं मिलिमीटर मोजतात, पण घरचे आजोबा पाऊस नक्षत्रानं मोजतात. मृग ७-८ जूनला लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. वहीत आम्ही नऊ नक्षत्रांचा तक्ता काढतो. नक्षत्र कधी बदललं, त्याचं वाहन काय, त्या पावसाला घरात काय म्हणतात, हे आजोबा सांगतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हे माझ्या वर्गाला माझ्याआधी घरून कळलेलं असतं. शेजारच्या रकान्यात मुलं त्या नक्षत्रात पडलेल्या मिलिमीटरची बेरीज लिहितात. ऑक्टोबरमध्ये नऊ आकड्यांचा स्तंभालेख काढला की पाठ्यपुस्तकातला आलेख वेगळा शिकवावा लागत नाही.

तुम्ही शहरात राहत असाल तर गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या अंगणात हेच करा. पाव्हणे-रावळे दुसऱ्या तालुक्यात असतील तर त्यांच्या मुलांनाही करायला सांगा. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात यायच्या आधीच तो वहीत आलेला असतो.

आषाढात वारीचा नकाशा. सगळे पोरांना फेटे आणि तुळस देऊन दिंडी काढतात, आम्हीही काढतो. सोबत जिल्ह्याचे आणि राज्याचे नकाशे भिंतीवर लावतो. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. रोज पालखी जिथं मुक्कामी असेल तिथं एक टाचणी. दोऱ्यानं अंतर मोजायचं, नकाशाच्या प्रमाणानं किलोमीटर काढायचे. ज्यांच्या घरचं कुणी चालत गेलं असेल त्यांना संध्याकाळी फोन करून विचारायचं, आज किती चाललात, कुठं जेवलात. तीन आठवडे हे चालतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

हादगा

पुण्याकडं भोंडला म्हणतात, आमच्याकडं हादगा. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा. आता प्रश्न : सोळा दिवसांत एकूण किती गाणी म्हटली? मुलं आधी बोटं मोडतात, मग बेरीज मांडतात. मग मी एवढंच सुचवते, की पहिला दिवस आणि शेवटचा दिवस मिळवून बघा. १ आणि १६ सतरा, २ आणि १५ सतरा, ३ आणि १४ सतरा. अशा आठ जोड्या. सतरा आठे म्हणजे १३६. हे एकदा सापडलं की मुलं घरी जाऊन शंभरापर्यंतची बेरीज करतात आणि दुसऱ्या दिवशी ५०५० हा आकडा घेऊन येतात.

खिरापत ओळखायचा खेळ भाषेसाठी सोन्यासारखा आहे. झाकलेल्या डब्यात काय आहे ते फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल अशा प्रश्नांनी ओळखायचं. गोड आहे का? तळलेलं आहे का? दाण्याचं आहे का? पहिल्या दिवशी पोरं थेट पदार्थांची नावं घेतात, लाडू का, चिवडा का. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती गटानं विचारायला शिकतात, म्हणजे एका प्रश्नात निम्मे पदार्थ बाद. घरी रात्री वीज गेली तर खेळायला ह्याहून चांगलं काही नाही.

दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या सुट्टीला मी दुसरा अभ्यास देत नाही. किल्ला करायचा आणि वहीत त्याची पाच पानं भरायची, एवढंच.

किल्ला चिखलात हात घालण्याआधी सुरू होतो. शक्य असेल तर आधी खरा किल्ला बघून या. आम्हाला वर्धनगड जवळ, कुणाला अजिंक्यतारा, कुणाला रायगड. वर गेल्यावर मुलांना चारच गोष्टी शोधायला सांगा : पाणी कुठं साठवलंय, दरवाजा बाहेरून का दिसत नाही, तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या फटी कुठं बघतात आणि सगळ्यात लांबचं काय दिसतं. पायऱ्या मोजायच्या, तटाची लांबी पावलांनी मोजायची. घरी येऊन कागदावर आराखडा, दहा पावलांना एक सेंटीमीटर. मग अंगणात दगड, विटा, पोतं, माती.

अळीव किंवा मोहरी लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी मातीवर पेरा आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. दिवाळीपर्यंत डोंगर हिरवे होतात. रोज अंकुराची उंची मोजून वहीत लिहायची. गेल्या वर्षी एकीनं किल्ल्याच्या एका बाजूला अळीव आणि दुसऱ्या बाजूला नाचणी पेरली होती. आधी कोण उगवलं, कोण किती वाढलं, असं तिचं रोजचं पान होतं. शेवटी तिनं लिहिलं, "आईनं सांगितलं अळीव भिजला की बुळबुळीत होतो म्हणून तो उतारावरून घसरत नाही. मी हात लावून बघितलं. खरं आहे." अशा एका वाक्यासाठी मी सगळी वही वाचते.

वाचायला काय द्यायचं

१५ ऑक्टोबरला राज्यभर वाचन प्रेरणा दिन होतो. एक दिवस वाचून भागत नाही, पण पुस्तकांची व्यवस्था लावायला तो दिवस चांगला आहे. फुकट मिळणारं साहित्य आता इतकं आहे, की अडचण निवडायची आहे. मी जे खरोखर वापरते तेवढंच सांगते.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. पालकांनी स्वतःच्या लहानपणीचे अंक उघडून बघावेत. ज्या बापानं मुलाला कधी वाचून दाखवलं नव्हतं, तो आपल्या चौथीतला दिवाळी अंक सापडल्यावर तासभर वाचत बसलेला मी पाहिला आहे. पाठ्यपुस्तकंही बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. भाची इंग्रजी शाळेत असेल, किंवा पोरं परदेशात वाढत असतील, तर पहिली-दुसरीची मराठीची पुस्तकं तिथूनच उतरवून घ्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपमधले धडे उघडतात.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं भांडार. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चित्रं सुंदर आहेत आणि वाचनाच्या पातळ्या पाडलेल्या आहेत. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला एका पानावर एकच वाक्य असलेली गोष्ट देता येते. त्यांचा परवाना मोकळा आहे, म्हणजे गोष्ट छापून वाटायला, आपल्या बोलीत करायला परवानगी आहे. आमच्या मुलांनी एक गोष्ट खटावच्या बोलीत केली आणि पहिलीला वाचून दाखवली. पहिलीची पोरं पोट धरून हसली, कारण गोष्टीतलं वाघाचं पिल्लू त्यांच्या चुलत्यासारखं बोलत होतं.

विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घन कसे करायचे, ते तिथं चित्रांनी दाखवलं आहे. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की कलतो, हे मूल हातानं शिकतं आणि घराच्या कैचीत त्रिकोण का असतात ते स्वतःच ओळखतं. सायकलवाल्याकडं व्हॉल्व ट्यूब मीटरवर मिळते. काड्यांची गुल आधी काढून टाका.

मोठ्या मुलांच्या प्रश्नांसाठी मराठी विश्वकोश. त्याचं काम आमच्याच जिल्ह्यात, वाईला उभं राहिलं, आणि आता तो संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. भाषा जड आहे. चौथीच्या मुलाला थेट देऊ नका. शिक्षकानं आधी वाचावं आणि मग सांगावं. आणि एक दिवस काढता आला तर पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्या ओसरीवर बसून वाचा, कुणी विकत घ्या म्हणत नाही.

हे सगळं फोनवर आहे आणि आमच्याकडं फोन बापाच्या खिशात असतो. तो संध्याकाळी सातनंतर घरी येतो. म्हणून पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी आठवड्यातून एकच गोष्ट टाकते, शुक्रवारी संध्याकाळी, तीही उतरवून, नुसता दुवा नाही. शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : गटावर रोज दहा-दहा व्हिडिओ टाकू नका. कुणी उघडत नाही आणि पालकांना आपण कमी पडतो असं वाटत राहतं.

खरा आधार पिशवीचा आहे. जुन्या साडीच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीत एक पुस्तक. पिशवी चार दिवस घरी राहते. परत येताना वहीत एकच नोंद : कुणी ऐकलं आणि ते काय म्हणालं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकलं तरी ती नोंद पूर्ण. त्या पालकसभेतल्या आजींच्या नातवानं लिहिलं होतं, "आजी म्हणाली कोल्ह्याची गोष्ट खोटी आहे, कोल्हा एवढा शहाणा नसतो, आमच्या कोंबड्या नेताना तो सापडला होता."

आजींकडं येणं असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडंही या. 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर मराठी जात्यावरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे, एक लाखाहून जास्त. काही बायकांच्या आवाजात ऐकता येतात. आधी एक ऐकवा आणि मग मुलांना सांगा, घरी विचारा तुम्हाला कुठली येते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते. त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. त्या दिवशी आम्ही भाषणं ठेवत नाही, आज्यांना बोलावतो. त्या ओवी सांगतात, मुलं लिहून घेतात, पुन्हा वाचून दाखवतात. आपलं बोलणं कागदावरून परत ऐकताना त्या बायकांचे चेहरे बघायला तरी हे करा.

बाजार

हिवाळ्यात आठवडी बाजार भाजीनं भरलेला असतो. मुलाला शंभर रुपये देऊन चार माणसांची दोन दिवसांची भाजी आणायला सांगा, आई सोबत असेल पण बोलणार नाही. परत आल्यावर वहीत हिशेब. वर्गात आम्ही पायली, अधोली, शेर, मापटं ही घरातली जुनी मापं आणतो. चार शेरांची एक पायली हे अजून घरोघर माहीत आहे. एक शेर बाजरी आणि एक शेर शेंगा काट्यावर ठेवा. माप एकच, वजन वेगळं. आकारमान आणि वजन ह्यांतला फरक दहा मिनिटांत कळतो. दुकानदाराकडून काटा तासभर मागून आणला तरी चालतो, कुणी नाही म्हणत नाही.

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि त्याच्या आदल्या दिवशीचा मराठी भाषा गौरव दिन आम्ही जोडूनच करतो. प्रत्येक मूल वर्षभरातली आपली एक मोजणी सगळ्या गावापुढं मराठीत सांगतं. थर्माकोलचे ज्वालामुखी विकत आणायचे नाहीत.

सावलीची काठी

हा उपक्रम शेवटी सांगते, पण तो वर्षभर चालतो आणि माझा सगळ्यात आवडता तोच.

जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी सरळ काठी मैदानात पुरा. ओळंब्यानं उभी आहे ना ते बघा. महिन्यातून एकदा, शक्यतो २१-२२ तारखेला, दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर एक खडा ठेवा. सावली लहान होत जाते आणि मग पुन्हा वाढायला लागते. सगळ्यात लहान सावली तीच खरी मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आम्ही त्याच्या पश्चिमेला आठ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आमची मध्यान्ह साडेबाराच्या आगेमागे, नोव्हेंबरात थोडी आधी आणि फेब्रुवारीत थोडी उशिरा. सूर्याकडं बघायचं नाही, सावलीकडंच बघायचं, हे पहिल्या दिवशीच बजावून सांगा.

आमच्याकडं २२ डिसेंबरला सावली ८७ सेंटीमीटरच्या आसपास भरते. मार्चमध्ये ३२. आणि जूनमध्ये ढगांतून ऊन मिळालं तर फक्त १० सेंटीमीटर, तीही दक्षिणेला. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली जूनमध्ये दुसऱ्या बाजूला गेलेली पाहून मुलं काठी कुणी तरी हलवली असं म्हणतात. हे त्यांना आधी सांगू नका. डिसेंबरात नागपूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलांनी त्याच दिवशी मोजली तर ९९ आली. काठी तेवढीच, दिवस तोच, सावली बारा सेंटीमीटर जास्त. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक माणसानं अशाच दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता. ही गोष्ट त्या दिवशी सांगितली तर लक्षात राहते, एरवी सांगितली तर राहत नाही.

मार्चनंतर सावली भरभर आखडते आणि मेमध्ये एका दुपारी नाहीशी होते. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे आपल्याकडं सगळीकडं वर्षातून दोनदा होतं. सावंतवाडीला मेच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडं १० मेच्या सुमाराला, पुण्याला १३-१४ ला, मुंबईला १५ ला, नागपूरला २६ च्या आसपास. दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ढग असतात. शाळेला सुट्टी असते, म्हणून हे घरानं करायचं. काठीसुद्धा नको. अंगणात सपाट फरशीवर तांब्या, ग्लास किंवा बाटली उभी ठेवा आणि बारा वाजून दहा मिनिटांपासून बसा.

दर नोव्हेंबरात आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची काही मुलं येतात, बहुतेक बीड जिल्ह्यातली. कारखाना बंद झाला की एप्रिलमध्ये जातात. त्यांनाही पहिल्याच दिवशी वर्षाची वही मिळते आणि जाताना ती त्यांच्याबरोबरच जाते. शिक्षकांनी हे अगदी नक्की करावं. त्यांच्या हजेरीचा कागद मागं राहतो, निदान वही तरी पुढं जावी. गेल्या हंगामात चौथीत आलेल्या एका मुलीनं डिसेंबर ते मार्च सगळ्या सावल्या मोजल्या होत्या. जाताना तिनं विचारलं, "बाई, शून्य दहा मेला म्हणालात, पण मी तेव्हा इथं नसणार. आमच्याकडं कधी?" मी तिला तारीख सांगितली नाही. नकाशा उघडला, आमचं गाव, पुणं आणि बीड उत्तरेला किती-किती आहेत ते दाखवलं आणि म्हटलं, तू काढ.

१५ मेला दुपारी तिच्या वडिलांच्या फोनवरून फोटो आला. वेळ १२.२४. फरशी नव्हती, पत्र्याचा एक तुकडा जमिनीवर सपाट ठेवलेला, त्यावर पितळी तांब्या, आणि त्याच्या भोवती सावली कुठंच नाही. खाली लिहिलं होतं, "बाई, आमच्याकडं पाच दिवस उशिरा. पण घड्याळात तुमच्या आधी. असं का?"